मीसुक म्हणते, अजून कळलं नाही

आमच्या आठवडी बाजारातला संत्रीवाला मीसुकला लांबून येताना बघतो आणि चवीसाठी सोलून ठेवलेल्या संत्र्यांची बशी उचलून मागे ठेवतो. इतर बायका एक फोड खातात, गोड म्हणतात आणि पेटी उचलतात. मीसुक एक वरचं खाणार, एक तळातलं, एक कोपऱ्यातलं. मग रुमालाला हात पुसून म्हणणार, "अजून कळलं नाही."

"बाई, सगळी पेटी खाल्ल्यावर तरी कळेल का?" तो विचारतो.

"तेव्हा अगदी नक्की कळेल," ती म्हणते. ती हे चेष्टेनं म्हणत नाही, हीच तर पंचाईत आहे.

ज्वा मीसुक ही आमच्या उपकेंद्राची सिस्टर. तिची आई माझ्याबरोबर समुद्रात बुडी मारायची. आमच्या या जेजू बेटावर आमच्या गावच्या बायका पिढ्यान् पिढ्या तेच करत आल्या आहेत. नळी नाही, टाकी नाही. छातीत मावेल तेवढी हवा घ्यायची, खाली जायचं, खडकाला चिकटलेले शंख आणि शिंपले उपटायचे आणि वर यायचं. मीसुकच्या आईनं तिलाही एकदा होडीत घातलं होतं. धक्क्यापासून धक्क्यापर्यंत पोरगी ओकत होती. आई म्हणाली, हिला समुद्र नको आणि समुद्राला ही नको, आणि तिला नर्सिंगच्या शाळेत टाकलं.

तिथून ती मुख्य भूमीवरच्या एका मोठ्या इस्पितळात लागली. नव्या औषधांची परीक्षा जिथं होते त्या विभागात. अर्ध्या लोकांना औषध द्यायचं, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कोणाला काय मिळालं ते कोणालाच सांगायचं नाही. तिथंच हा 'अजून कळलं नाही'चा रोग तिला लागला असं माझं मत आहे. तिच्या नवऱ्याचं मत वेगळं आहे. तो म्हणतो की रोग जन्माचाच आहे. मध्यस्थानं दोघांची चहाच्या दुकानात गाठ घालून दिली तेव्हा मुलगा कसा वाटला, असं आईनं विचारलं. मीसुक म्हणाली, एका भेटीत काय कळणार? मग वर्षभर ती त्याला भेटत राहिली. तो उपाशी असताना, त्याला सर्दी झालेली असताना, त्याचा संघ फुटबॉलमध्ये हरल्यावर. "पास झालो," तो आजही सांगतो, "पण निकालाचा कागद काही हातात पडलेला नाही." आणि हे सांगताना त्याचा चेहरा लग्नातल्यासारखा फुललेला असतो.

आता इन्सेंगमावशीबद्दल सांगते, कारण सगळं घडलं ते तिच्यापायी.

यांग इन्सेंग आमच्यात सगळ्यात थोरली, अठ्ठ्याहत्तरीची. बुडी मारून वर आलं की प्रत्येकीच्या तोंडून एक शीळ निघते, कोंडलेली हवा सुटण्याची. डोळे मिटून मी सांगू शकते कोणती शीळ कोणाची. मावशीची शीळ लांब, शेवटाला जरा वर चढणारी. मला पहिली बुडी तिनं शिकवली. पण गेल्या वर्षी तिचं डोकं दुखणं फार वाढलं. डोकं आम्हा सगळ्यांचंच दुखतं, तो आमचा धंदाच आहे. म्हणून तर पाण्यात उतरण्याआधी डोकेदुखीची पांढरी पुडी तोंडात टाकायची आमची जुनी सवय. मावशी मात्र सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक आणि मध्ये मन करेल तेव्हा एक अशा पुड्या खात होती. एकदा वर आली ती जाळी बांधलेल्या तरंग्याला धरून बराच वेळ तशीच राहिली.

शहरातून तिच्या मुलाचे मला फोन सुरू झाले. बायकांची म्होरकी मी, त्यामुळे शिव्या खायचा मान माझाच. "पिलसुनमावशी, आईला खोल पाण्यातून काढा. तुमच्याकडे म्हाताऱ्यांसाठी उथळ पाणी राखून ठेवलेलं आहे ना? तिकडे पाठवा."

ते आहे. खाडीजवळचा गुडघ्या-कमरेचा पट्टा, त्याला आम्ही आजीबाईंचं पाणी म्हणतो. तिथं तरुण बाईनं हात लावायचा नाही, अशी आमची रीत. रीत चांगली आहे, पण एकदा तिकडे गेलेली बाई परत खोल पाण्यात येत नाही. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "तिकडे मी कोणाची शीळ ऐकू? बगळ्यांची?"



आणि अशा वेळी डॉक्टर प्यो आले. शहरातल्या मोठ्या इस्पितळातले, तरुण, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. दक्षिण किनाऱ्यावरच्या तीस बायकांवर एका नव्या गोळीची परीक्षा झाली होती आणि गोळीनं डोकेदुखी निम्मी झाली होती. तेच आमच्या गावात करून बघायचं, असा त्यांचा विचार. उपकेंद्रात बसून ते मीसुकला सांगत होते आणि मी रक्तदाब मोजून घ्यायच्या निमित्तानं ऐकत होते.

"निम्मी, सिस्टर! निम्मी!"

"निम्मी म्हणजे नेमकी किती?" मीसुक म्हणाली.

"म्हणजे... सरासरी निम्मी. नीट बघितलं तर अगदी नगण्य कमी होण्यापासून ते जवळजवळ पूर्ण थांबण्यापर्यंत काहीही असू शकतं. ते खाली बारीक अक्षरात दिलंय."

"मी नेहमी खालूनच वाचते."

डॉक्टर हसले. माणूस भला होता, रागावणारा नव्हता. मीसुकनं त्यांच्यापुढे चहा सरकवला आणि आपल्या जुन्या इस्पितळातली गोष्ट सांगितली, जी ती आम्हाला जेवताना नेहमी ऐकवते. तिथं एक औषध तीस लोकांना दिलं तर वर्तमानपत्रं नाचली होती. मग ते तीन हजारांना दिलं आणि गुण उरला थेंबभर. आधीच्या तिसांत कोणी खोटं बोललं नव्हतं. "माणसं थोडी असली ना डॉक्टर, की नशीबसुद्धा औषधासारखं दिसतं. आणि ज्या गावात नशीब उलटं पडलं, तिथला निकाल कोण छापतंय? आपल्यापर्यंत नाचणारीच वर्तमानपत्रं येतात."

"म्हणजे करायचंच नाही?"

"करायचं तर! कितीतरी ठिकाणी करायचं आणि मग सगळं एकत्र मांडायचं. मी नाही कुठे म्हणाले? मी फक्त म्हणाले, अजून कळलं नाही."

मग ठरलं. आम्ही चोवीस जणी, चिठ्ठ्या टाकून बारा-बारांचे दोन गट. काहींना निळ्या पाकिटातल्या गोळ्या, काहींना पिवळ्या. एका रंगात औषध आणि एका रंगात नुसतं पीठ. कोणत्या रंगात काय ते बंद लखोट्यात, आणि लखोटा शहरात. डॉक्टरांनासुद्धा ठाऊक नाही. रोज मीसुक आम्हाला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवणार आणि आज डोकं कोणत्या चेहऱ्यासारखं आहे ते आम्ही बोटानं दाखवायचं. पण डॉक्टर म्हणाले, या बायका दुखलं तरी दुखलं म्हणत नाहीत. म्हणून मच्छीमार सोसायटीच्या काट्यावर प्रत्येकीची जाळी तोलायची. डोकं हलकं असेल तर बुड्या जास्त होतील, बुड्या जास्त झाल्या तर माल जास्त येईल. काटा काही खोटं बोलत नाही.

हे ऐकून मला एकदम सुटल्यासारखं झालं. शेकोटीच्या आडोशाला, जिथं आम्ही कपडे बदलतो आणि सगळे निर्णय घेतो, तिथं मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "इन्सेंगमावशीचं मी ठरवणार नाही आणि तिचा मुलगाही ठरवणार नाही. या परीक्षेत काटा काय सांगतो ते बघू. तिचं वजन टिकलं तर ती खोल पाण्यात राहील, नाही टिकलं तर आजीबाईंच्या पाण्यात जाईल."

"मंजूर," मावशी म्हणाली. तिनं बुडी मारायच्या चष्म्याच्या काचेला, आत धुकं धरू नये म्हणून, रानदवणा चोळला आणि ती उठली. बाकी कोणी काही बोललं नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मीसुकनं आमच्या पुड्यांवर जप्ती आणली. परीक्षा चालू असेपर्यंत पांढरी पुडी बंद, फक्त पाकिटातली गोळी. मावशीच्या कपाटातून एक पिशवीभर पुड्या निघाल्या. मीसुकनं बजावलं, "गोळी अख्खी गिळायची. चघळायची नाही, चाटायची नाही, एकमेकींना दाखवायची नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पहिल्याच सकाळी सगळ्यांनी चाटली.

माझी पिवळी गोळी कडूजहर होती. निळी गोड, हे मला शेजारणीच्या तोंडावरूनच कळलं. म्हणजे पिवळ्यांना औषध, निळ्यांना पीठ. आणि मावशीच्या हातात निळं पाकीट! पुडी बंद, औषध नाही, अठ्ठ्याहत्तर वर्षांचं डोकं, आणि वर मी माझ्या तोंडानं काट्याला न्यायाधीश करून बसलेली.

मावशीला मात्र काहीच कळलं नव्हतं. जन्मभर पुड्या खाऊन तिच्या जिभेला कडू-गोड राहिलंच नव्हतं. "मला खरी गोळी मिळाली गं," ती आनंदानं सगळ्यांना सांगत सुटली. "कसं मोकळं मोकळं वाटतंय."

आमच्यात एक रीत आहे. एखादी खाली गेली की तिचा केशरी तरंगा आणि त्याला बांधलेली जाळी पाण्यावर एकटीच असते. जी म्हातारी आहे, नवी आहे, आजारातून उठली आहे, तिच्या जाळीत शेजारून जाताना दोन शंख टाकायचे. घेणारीनं आभार मानायचे नाहीत आणि देणारीनं कबूल करायचं नाही. त्याबद्दल बोलायचंच नाही. माझ्याही जाळीत पहिल्या वर्षी असे किती पडले असतील कोण जाणे.

तर मी काय केलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मावशी खाली गेली की मी तिच्या तरंग्यापाशी जायची आणि माझ्या जाळीतले चांगले मोठे शंख तिच्या जाळीत सोडायची. न्यायाधीशाला आधी बसवायचं आणि मग लाच द्यायची, असा माझा कारभार. मला वाटत होतं, हे फक्त मीच करतेय.

परीक्षा संपली आणि डॉक्टर प्यो सगळे आकडे मांडून उपकेंद्रात आले तेव्हा त्यांचा चष्मा नाकावर थांबतच नव्हता. येताना त्यांनी गरम गरम कुट्टूच्या पोळ्या आणल्या होत्या, मुळ्याचं सारण घातलेल्या. मला म्हणाले, "म्होरकीबाई, बसा, खा! निळ्या पाकिटवाल्यांचा माल पिवळ्यांच्या दीडपट आहे. दीडपट! आणि सगळ्यात वर कोण, ठाऊक आहे? आपल्या इन्सेंगआजी!"

माझ्या हातातली पोळी तोंडाजवळच थांबली. निळं म्हणजे पीठ होतं, हे मला ठाऊक होतं. त्यांना नव्हतं.

मीसुक कागद खालून वर वाचत होती. "निळ्यांतली ही एक बाई काढून बघा बरं. हिला एके दिवशी ऑक्टोपसचं बीळ सापडलं होतं, गावभर गाजलं होतं. एवढे ऑक्टोपस काही गोळीनं सापडत नाहीत."

डॉक्टरांनी ती काढली. दीडपटीतला बराच भाग गळाला.

"बघा," मीसुक म्हणाली, "बाराजणींत एक बाई हलली तर सगळी होडी हलते."

"तरी पुष्कळ उरतंय, सिस्टर! आणि डोकेदुखी बघा, सगळ्यांचीच निम्म्यावर आली."

"सगळ्यांची? निळ्यांची आणि पिवळ्यांचीही?"

"सगळ्यांची!"

"मग ते गोळीचं काम कसं म्हणायचं? अर्ध्यांनी तर पीठच खाल्लंय."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. मग त्यांनी शहराहून आणलेला लखोटा फोडला, आतला कागद वाचला, पुन्हा वाचला आणि खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

"निळं पीठ आहे," ते म्हणाले. "पीठ खाणाऱ्यांनी जास्त माल आणला. असं कसं होईल? औषध घेतल्यानं बायका कमकुवत झाल्या?"

"असं लिहू नका बाई कुठे," मी घाबरून म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

मीसुकनं माझ्याकडे बघितलं. पेटीच्या तळातलं संत्रं बघावं तसं. तिची आई बुडी मारणारी होती, हे मी त्या क्षणी विसरले होते. ती विसरली नव्हती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "पोळ्या उचला. आपण शेकोटीपाशी जाऊ."

आडोशात सगळ्या जणी शेकत बसल्या होत्या. इन्सेंगमावशी सगळ्यात आत, उबेच्या जागी. तिच्या मानाचीच जागा ती. मीसुकनं पोळ्या वाटल्या, सगळ्यांच्या तोंडात घास जाऊ दिला आणि मग विचारलं, "निळी गोड होती ना?"

चोवीस तोंडं एकदम चावायची थांबली.

"आणि ज्यांना गोड मिळाली त्यांची तुम्हाला दया आली. हो ना? कोणी कोणी कोणाच्या जाळीत टाकले?"

कोणी वर बघेना. शेवटी मला राहवेना. म्होरकी कशाला झाले मग? "मी टाकले," मी म्हणाले. "मावशीच्या."

"तू?" पलीकडून एक जण म्हणाली. "मी टाकत होते की तिच्या!"

"तुम्ही दोघी? अगं, मला वाटलं मी एकटीच..."

"तरीच माझे शंख कमी भरायचे, मी सगळे मावशीकडे ओतत होते..."

"आणि माझ्या जाळीत कोण टाकत होतं गं? मी निळी होते, माझी जाळी उचलवेना!"

एकदम सगळ्या बोलायला लागल्या, मग हसायला लागल्या. पिवळ्यांनी निळ्यांना वाटलं होतं. निळ्यांनी आणखी म्हाताऱ्या निळ्यांना वाटलं होतं. अर्धा समुद्र एकीच्या जाळीतून दुसरीच्या जाळीत फिरत होता आणि काटा बिचारा प्रामाणिकपणे तोलत होता. डॉक्टर प्यो आधी डोक्याला हात लावून बसले होते, मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "हे मी परिषदेत कसं सांगू?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "औषध घेणाऱ्यांना पीठ खाणाऱ्यांची दया आली!"

हसत नव्हती ती फक्त इन्सेंगमावशी. ती विस्तवाकडे बघत होती. एकेकीच्या ते लक्षात आलं तसा आवाज विरत गेला. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आम्ही तिला वाचवायला गेलो आणि सगळ्यांसमोर तिची जाळी उपडी केली.

"मीसुक," ती म्हणाली, "माझ्या जाळीत माझे किती होते?"

मीसुक तिच्याजवळ जाऊन बसली. "अजून कळलं नाही, मावशी."

"उगीच गोड बोलू नकोस."

"मी गोड बोलते का कधी? यांनी किती टाकले ते कोणी मोजलं नाही. वीस टाकले की दोनशे, कोण सांगणार? तुम्ही एकही आणला नाही असं या वजनावरून म्हणता येत नाही, आणि तुम्हीच सगळे आणले असंही म्हणता येत नाही. त्यात हा काटा गोळीबद्दल काही सांगत नाही आणि तुमच्या छातीबद्दलही नाही. त्याच्यावरून ज्यानं कोणी काही ठरवलं असेल, त्यानं ते विसरावं." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

मावशीनं एक लाकूड विस्तवात सरकवलं. मग म्हणाली, "त्यात आणखी एक गोंधळ आहे."

"कोणता?"

"मीपण टाकत होते."

"कोणाच्या?"

"हिच्या." तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "मला वाटलं, मला खरी गोळी आणि पिलसुनला पीठ. इतकी चिडचिड करत होती रोज! म्हटलं, पोरीचं डोकं फुटत असणार."

त्यावर जे हसू फुटलं ते धक्क्यावर ऐकू गेलं असणार. मी चिडचिड करत होते ती हिच्या काळजीनं, हे मी ओरडून सांगत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. मावशीही हसत होती, दात नसलेल्या बाजूनं पोळी सांभाळत. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

"पण डोकं?" हसू ओसरल्यावर डॉक्टरांनी विचारलं. "आजी, तुमचं डोकं खरंच थांबलं ना? तक्त्यावर तुम्ही रोज हसरा चेहरा दाखवलाय. तेही खोटं?"

"ते कशाला खोटं असेल? दुखतच नाही तर."

"पिठानं?"

मीसुक म्हणाली, "दोन्ही गटांत सारखंच थांबलं. म्हणजे दोन्हींत जे सारखं होतं तिकडे बघायला हवं. सारखं एकच होतं की मी पुड्या जप्त केल्या. रोज रोज पुडी खाल्ली तर पुडीच डोकं दुखवायला लागते, असं होतं कधीकधी. किंवा तुम्ही सगळ्या नावं द्यायला आलात ती डोकी अगदी फुटत असताना, ते दुखणं तसंही उतरलंच असतं. किंवा रोज कोणी विचारपूस करतं म्हणून बरं वाटलं."

"यातलं कोणतं?" मावशीनं विचारलं.

आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "अजून कळलं नाही!"

मीसुक लाजून लाल झाली. डॉक्टर मात्र खिशातून पेन काढून हातावर लिहायला लागले होते. पुढची परीक्षा पुड्या बंद करण्याची, आणि या वेळी पुष्कळ गावांत, असं काहीतरी पुटपुटत.

"ते तुमचं चालू द्या," मावशी म्हणाली. "मला माझी एक परीक्षा हवी. उद्या कोणी कोणाच्या जाळीत काही टाकायचं नाही. आपल्या देवीची, दर्याच्या आजीची शपथ. उद्या माझे किती ते मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी होडी निघायच्या वेळी धक्क्यावर मीसुक उभी. अंगात फुगवलेलं जाकीट, तोंडाला रुमाल, चेहरा आधीच हिरवा. "कोणीतरी लक्ष ठेवायला हवं," ती म्हणाली. जिला बादलीत हललेलं पाणीही बघवत नाही, ती आमच्या होडीत चढली. होडी बंदराबाहेर पडली तशी ती काठावर वाकली आणि परत येईपर्यंत वाकलेलीच राहिली. तिनं काय लक्ष ठेवलं असेल ते समुद्रातल्या माशांना माहीत.

पण मी शपथेवर सांगते, त्या दिवशी मी मावशीच्या जाळीत एकही शंख टाकला नाही. तिच्या तरंग्याच्या अगदी जवळ राहिले आणि माझे हात शिवशिवत होते, तरीही. ती खाली गेली की मी श्वास धरायची आणि तिची शीळ ऐकली की सोडायची. लांब, शेवटाला जरा वर चढणारी. ती त्या दिवशी एकदाही तरंग्याला धरून थांबली नाही.

सोसायटीच्या काट्यावर जाळ्या आल्या. माझी भरली, बाकीच्यांच्या भरल्या. मावशीची ठेवली आणि काटा उठला, पण फार नाही. सगळ्यात हलकी नव्हती, वरचीही नव्हती. खालून मोजलं तर लवकर सापडली असती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण म्होरकी मी.

मावशीनं जाळी उचलली आणि उपकेंद्राच्या पायरीवर लिंबू चोखत बसलेल्या मीसुकला हाक मारली. "ए सिस्टर! एका दिवसाच्या वजनावरून काय कळतं?"

मीसुकनं मान वर केली. "एका दिवसाच्या? काहीच नाही."

"ऐकलंस?" मावशी मला म्हणाली. "मग किती दिवसांच्या वजनावरून कळेल गं?"

मीसुकनं विचार केला. खरोखर विचार केला, मला तिचा चेहरा ठाऊक आहे. "भरतीच्या वेळा बदलतात, थंडी-उन्हाळा वेगळा. निदान वर्षभर तरी तोलायला हवं. रोज पाण्यात उतरण्याआधी माझ्याकडे रक्तदाब मोजायचा, पुडीला हात लावायचा नाही आणि शेजारी कायम पिलसुनताई."

"वर्षभर," मी म्हणाले. घसा साफ करून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, म्होरकीला शोभेल असं, "इन्सेंगमावशी वर्षभर खोल पाण्यात राहील. मग बघू." मुलाला मी त्याच संध्याकाळी फोन केला. तो बराच वेळ बोलला, मग आईशी बोलला आणि शेवटी मला एवढंच म्हणाला की रक्तदाब खरोखर मोजा. तो रोज मोजला जातो. कुरकुर करत का होईना, मावशी पायरीवर बसून दंड पुढे करते.

त्या दिवशी डॉक्टरांच्या उरलेल्या पोळ्या आम्ही विस्तवावर पुन्हा शेकल्या. मावशीनं तिचे थोडे शंख निखाऱ्यावर भाजले आणि प्रत्येकीच्या हातात एक-एक ठेवला, मीसुकच्या हातात दोन.

या गोष्टीला आता वर्ष व्हायला आलं. परवा माझी जाळी काट्यावर ठेवली तर ती माझ्या अंदाजापेक्षा जड निघाली. मी कोणते शंख काढले ते मला ठाऊक असतं, आणि वरचे चार मोठे माझे नव्हते. इन्सेंगमावशी पलीकडे पाठ करून चष्म्याची काच पुसत होती, कोरडी होती तरी पुसत होती. मीसुक काट्याशेजारी उभी होती.

"हे कोणाचे गं?" मी तिला विचारलं.

"अजून कळलं नाही," मीसुक म्हणाली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी खोटं बोलली ती तेवढ्या एकाच वेळी.